दुकानाची खरेदी आणि तिच्यातील जोखीम

(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील व्यापारविषयक बैठकीत केलेले भाषण)



मंडळाच्या चिटणिसांनी या बैठकीत चार शब्द बोलण्याची आम्हांस आज्ञा केली, तेव्हा आम्ही त्यांस प्रामाणिकपणे सांगितले की, आम्ही काही अर्थशास्त्राचे पंडित नव्हे. तालुक्याच्या गावी वडिलोपार्जित भुसार व किराणा मालाचे दुकान चालविणारे साधे दुकानदार आहोत. त्यावर ते म्हणाले, "पंडितांची भाषणे पुष्कळ झाली; आता ज्याने ठेच खाल्ली आहे त्याने बोलावे." ठेच आम्ही खरोखरच खाल्ली आहे. ती लपवून ठेवण्यात शहाणपण नाही, आणि सांगितल्याने आपल्यापैकी एखाद्या घराचे नुकसान टळले तर ती ठेच कारणी लागली असे आम्ही समजू. म्हणून हे धाडस.

आपल्या समाजात दुकानदारीवर संसार चालविणारी घरे पुष्कळ आहेत. चार दुकानदार एकत्र जमले म्हणजे बोलणे निघते ते विक्रीचे. गिऱ्हाईक कमी झाले, मोठमोठी भांडारे आली, घरपोच माल देणारे आले, उधारी वसूल होत नाही, अशी ती चर्चा असते. ही दुःखे खरी आहेत. परंतु नफा विक्रीत नसून खरेदीत असतो, असे आपली जुनी माणसे म्हणत. आणि त्याच वचनाची दुसरी बाजू अशी की, दुकान बुडते तेही बहुधा खरेदीतच बुडते. विक्रीतील तोटा रोज संध्याकाळी गल्ल्यात दिसतो. खरेदीतील तोटा मात्र गोदामात पोत्यांच्या थप्पीआड दडून बसतो, आणि बाहेर येतो तेव्हा त्यावर व्याज चढलेले असते.

प्रथम आमचीच गोष्ट सांगतो. सन 2014 व 2015 ही दोन्ही वर्षे पावसाच्या दृष्टीने वाईट गेली. तुरीचे पीक उणे आले आणि ऑक्टोबर 2015 मध्ये तूरडाळीचा किरकोळ भाव अनेक शहरांत किलोस दोनशे रुपयांच्या घरात गेला. जो तो म्हणे, दिवाळीनंतर डाळ दृष्टीस पडणार नाही. आम्हांसही तोच मोह झाला. बँकेच्या कर्जखात्यावर उचल करून आम्ही क्विंटलला 16,000 रुपये दराने 40 क्विंटल तूरडाळ घेतली. म्हणजे 6,40,000 रुपये एका मालात घातले. दुकान आम्हां दोघां भावांचे आहे. माल उतरत असता आमचे धाकटे बंधू दाराशी उभे राहून एवढेच म्हणाले, "दादा, ही डाळ आपण किती महिन्यांत विकणार?" आम्हांस त्या प्रश्नाचा राग आला. थोरलेपणाचा अभिमान मोठा वाईट. आम्ही उत्तर दिले नाही, कारण उत्तर आम्हांस ठाऊकच नव्हते.

उत्तर सोपे होते. आमच्या दुकानी महिन्यास दोन क्विंटल तूरडाळ खपत असे, म्हणजे तो माल वीस महिन्यांचा होता. त्यातही भाव चढल्यावर लोकांनी मूग-मसुरावर भागविण्यास आरंभ केला आणि खप दीड क्विंटलावर आला. इकडे चढ्या भावामुळे शेतकऱ्यांनी पुढच्या हंगामात तुरीचा पेरा वाढविला, 2016 साली पाऊसही चांगला झाला, आणि आदल्या वर्षी सुमारे 25 लाख टन असलेले देशाचे तुरीचे उत्पादन 2016-17 मध्ये 48 लाख टनांपलीकडे गेले. नवी तूर बाजारात येताच भाव असा कोसळला की, 5,050 रुपयांचा हमीभावसुद्धा शेतकऱ्यांस मिळेना. आमच्या गोदामात तेव्हा 19 क्विंटल डाळ शिल्लक होती आणि पावसाळ्यात तिला कीड लागली होती. ती चाळून, निवडून क्विंटलला 6,500 रुपयांस घाऊक पेठेत काढावी लागली. व्याज धरून सुमारे पावणेतीन लाखांचा खड्डा पडला.

हा आकडा मोठ्या व्यापाऱ्यास लहान वाटेल. परंतु आमच्या घरी त्या वर्षी धाकट्या बंधूंच्या कन्येस अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठी पाठवावयाचे होते, आणि तिच्या नावाने ठेवलेली ठेव आम्हांस मोडावी लागली. मुलीने किंवा तिच्या आईने आम्हांस एका शब्दानेही दुखविले नाही. आपल्याच मंडळाच्या शिक्षण निधीतून तिला कर्जाऊ रक्कम मिळाली. ती आज नोकरीस आहे आणि कर्जही फिटले आहे. या व्यासपीठावरून त्या उपकाराचा उच्चार करणे हे आमचे कर्तव्य होय. तथापि, आमच्या एका चुकीच्या खरेदीमुळे समाजाच्या निधीतील पैसा आमच्या घरी आला, म्हणजे त्या वर्षी दुसऱ्या एखाद्या गरजू मुलास तो मिळाला नसेल, हा विचार आम्हांस अजूनही टोचतो. दुकानाची जोखीम दुकानापुरती राहत नाही. ती माजघरापर्यंत येते आणि तेथून समाजापर्यंत जाते. आजच्या विषयाचे महत्त्व ते हेच.

त्या अनुभवानंतर आम्ही या गोष्टीचा थोडा अभ्यास केला. खरेदीतील जोखीम म्हणजे केवळ भाव उतरणे नव्हे. तिचे स्थूलमानाने चार प्रकार पडतात. पहिली भावाची जोखीम, तिची कथा आताच सांगितली. दुसरी पुरवठा तुटण्याची. तिसरी मालाच्या गुणाची, म्हणजे भेसळ, कमी वजन, मुदत उलटलेला माल यांची. आणि चौथी कायद्याची व कागदपत्रांची. या चारही ठिकाणी पुढील वाटचाल पाहून पाऊल टाकणे यालाच जोखमीची व्यवस्था असे म्हणावयाचे. जोखीम समूळ नाहीशी करता येत नाही. कोणती जोखीम किती घ्यावयाची एवढेच आपल्या हाती असते.

पुरवठा कसा तुटतो हे 2020 सालाने सर्वांस शिकविले. 25 मार्चपासून देशभर टाळेबंदी झाली. किराणा दुकानांस उघडे राहण्याची मुभा होती. पण दुकान उघडून विकावयाचे काय? आम्ही चौदा वर्षे जिल्ह्याच्या ठिकाणच्या एकाच घाऊक व्यापाऱ्याकडून माल घेत होतो. माणूस सचोटीचा, भाव रास्त, संबंध घरोब्याचे. परंतु त्यांचे हमाल गावी निघून गेले, गाडी मिळेना आणि गोदामाचे कुलूप तीन आठवडे निघाले नाही. दुसऱ्या पेढीकडे गेलो तर त्यांनी नम्रपणे सांगितले की, प्रथम आमच्या जुन्या गिऱ्हाइकांस देऊ, उरले तर तुम्हांस. त्यांचे वागणे सर्वथा योग्य होते. ज्याच्याकडे सुखात एक पोते घेतले नाही, त्याने संकटात दहा पोती द्यावी ही अपेक्षाच अनुचित. घाऊक बाजारांचीही तीच गत होती. त्या वर्षीच्या मे महिन्यात वाशीचा मोठा बाजारसुद्धा साथीमुळे काही दिवस बंद ठेवावा लागला.

हा दोष लहान दुकानदारांचाच आहे असे नव्हे. इंग्लंडात केएफसी नावाची कोंबडीचे पदार्थ विकणारी प्रसिद्ध कंपनी आहे. तिची त्या देशात सुमारे नऊशे उपाहारगृहे होती. फेब्रुवारी 2018 मध्ये तिने माल पोचविणारा जुना कंत्राटदार सोडून नवा नेमला. जुन्याची वखारे अनेक ठिकाणी होती. नव्याने सगळा माल रग्बी गावच्या एकाच वखारीतून पाठविण्याचे योजिले. पहिल्याच दिवशी जवळच्या महामार्गावर अपघात होऊन गाड्या अडकल्या, वखारीतील व्यवस्था कोलमडली, आणि काही दिवसांतच निम्म्याहून अधिक उपाहारगृहांस दारे लावावी लागली. कोंबडी विकणाऱ्यांकडे कोंबडीच नाही! कंपनीस वर्तमानपत्रांतून जाहीर क्षमा मागावी लागली. खर्च वाचविण्यासाठी सर्व भार एका खांबावर टाकला म्हणजे काय होते, याचे याहून बोलके उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

मग प्रत्येक वस्तूसाठी पाच-पाच व्यापारी धरावे काय? नाही. तसे केले तर कोणाचेच आपण खरे गिऱ्हाईक राहत नाही. आम्ही आता महत्त्वाच्या मालाची खरेदी साधारण सत्तर व तीस अशी वाटतो. सत्तर भाग जुन्या पेढीकडून, तीस भाग दुसऱ्या गावच्या दुसऱ्या पेढीकडून. दुसरे गाव मुद्दाम म्हणतो. कारण दोन्ही पेढ्या एकाच पेठेतील असल्या तर पूर, संप वा बंद आला असता दोन्ही एकदमच बंद पडतात. दुसऱ्याकडे क्विंटलमागे दहा-वीस रुपये अधिक पडले तरी ते आम्ही विम्याचा हप्ता म्हणून देतो.

आता प्रश्न असा की, कोणत्या मालाविषयी किती काळजी घ्यावी? आमच्या दुकानी लहानमोठ्या सातशेहून अधिक वस्तू आहेत. प्रत्येकीची सारखीच चिंता करू लागलो तर रात्रीची झोप उडेल. या बाबतीत पीटर क्राल्जिक नावाच्या गृहस्थांनी 1983 साली एका अमेरिकन नियतकालिकात लिहिलेला लेख सुप्रसिद्ध आहे. त्यांचे म्हणणे मोठ्या कारखान्यांसाठी होते, परंतु किराणा दुकानासही ते चपखल बसते. प्रत्येक वस्तूविषयी दोन प्रश्न विचारावे. तिच्यावर आपला पैसा व नफा किती अवलंबून आहे? आणि तिचा पुरवठा तुटण्याचा संभव किती आहे? या दोन प्रश्नांच्या उत्तरांवरून सर्व मालाचे चार गट पडतात.

पहिला गट पैसा मोठा आणि जोखीम लहान अशा मालाचा. साखर, गहू, नेहमीचा तांदूळ ही त्याची उदाहरणे. विकणारे पुष्कळ, म्हणून येथे भाव तासून घ्यावा. तीन ठिकाणी विचारल्यावाचून घेऊ नये.

दुसरा गट पैसा लहान आणि जोखीमही लहान अशा मालाचा. काडेपेटी, खराटे, सुतळी. येथे घासाघीस करण्यात वेळ दवडू नये. ठरलेली मागणी ठरलेल्या दिवशी पाठवावी आणि विसरून जावे.

तिसरा गट पैसा लहान पण जोखीम मोठी अशा मालाचा, आणि बहुतेक दुकानदार येथेच गाफील राहतात. हिंगाचे उदाहरण घ्या. आपल्या फोडणीतील हिंगाचा मूळ चीक बाहेरून, मुख्यतः अफगाणिस्तान, इराण व उझबेकिस्तान येथून येतो. आपल्या देशात लाहौलच्या खोऱ्यात त्याची लागवड सुरू झाली ती ऑक्टोबर 2020 मध्ये. ऑगस्ट 2021 मध्ये काबूलमध्ये सत्तापालट झाला तेव्हा तिकडील व्यापार थांबला आणि हिंग व सुका मेवा यांचे भाव वधारले. हिंगावर आपला पैसा किती अडकणार? अगदी थोडा. पण लोणच्याच्या दिवसांत गिऱ्हाइकाला दुकानी हिंग मिळाला नाही, तर ते मोहरी आणि तेलही दुसरीकडून घेते. म्हणून अशा न नासणाऱ्या, थोड्या जागेत मावणाऱ्या वस्तूंचा साठा नेहमीपेक्षा अधिक ठेवावा.

चौथा गट पैसा मोठा आणि जोखीमही मोठी अशा मालाचा. तूरडाळ, खाद्यतेल आणि जे कांदा ठेवतात त्यांस कांदा. दुकानदाराचे खरे लक्ष येथे हवे. लासलगावच्या बाजाराची वार्ता आमच्या दुकानापर्यंत त्याच दिवशी पोचते. उन्हाळी कांदा चैत्र-वैशाखात निघतो आणि चाळीत साठवून दिवाळीच्या आसपासपर्यंत पुरवावयाचा असतो. चाळीतील कांदा सरत आलेला आणि खरिपाचा नवा कांदा पावसाने लांबलेला, असे झाले म्हणजे भाव भडकतो. 2019 मध्ये असेच झाले. 29 सप्टेंबरला निर्यातबंदी झाली आणि साठ्यावर मर्यादा आली. किरकोळ विक्रेत्यास प्रथम 100 क्विंटल, डिसेंबरात ती 50 आणि लगेच 20 क्विंटलवर आणली. ज्याने सप्टेंबरच्या मर्यादेवर भिस्त ठेवून माल भरला, तो डिसेंबरात कायद्याच्या कचाट्यात सापडला. आपण कितीही अचूक हिशेब करा, सरकारी हुकूम हीदेखील एक जोखीमच आहे, आणि ती अशा मालावर प्रथम येते.

खाद्यतेलाची गोष्ट तर याहून दूरची. आपल्या देशास लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक बाहेरून येते. पामतेल इंडोनेशिया व मलेशियातून, सूर्यफुलाचे तेल बहुतांशी युक्रेन व रशियातून. 24 फेब्रुवारी 2022 रोजी तिकडे युद्ध सुरू झाले, आणि 28 एप्रिलला इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात बंद केली. काळ्या समुद्रातील तोफांचा आवाज आमच्या तालुक्यातील तेलाच्या डब्यात घुमू लागला. शेजारचे दुकानदार डब्यांच्या थप्प्या लावू लागले. आम्हांसही मोह झाला नाही असे नाही. परंतु 2015 च्या डाळीने कान धरला होता. आम्ही पंधरा दिवसांपुरतेच तेल घेत गेलो. एप्रिलात त्यामुळे थोडा नफा गमावला, हे मान्य केले पाहिजे. पण 23 मे रोजी बंदी उठली, जून-जुलैत भाव झपाट्याने उतरले, आणि ज्यांनी माथ्यावरच्या भावाने डबे भरले होते त्यांच्या तोंडचे पाणी पळाले. त्या वेळी धाकटे बंधू आमच्याकडे पाहून नुसते हसले. सात वर्षांपूर्वीच्या प्रश्नाचे उत्तर त्यांस त्या दिवशी मिळाले.

आता साठा किती ठेवावा याचा हिशेब सांगतो. पाटीवरच्या बेरीज-गुणाकाराने तो जमतो. समजा, दुकानी साखर रोज सरासरी 40 किलो खपते आणि सणासुदीस 60 किलो. मागणी केल्यापासून माल येण्यास एरवी 3 दिवस लागतात, वाईट वेळी 7. एरवी माल येईपर्यंत 40 गुणिले 3, म्हणजे 120 किलो पुरतील. परंतु सण आणि विलंब दोन्ही एकदम आले तर 60 गुणिले 7, म्हणजे 420 किलो लागतील. या दोहोंतील फरक 300 किलो, म्हणजे 50 किलोचे सहा कट्टे, ही आपली गंगाजळी. दुकानातील साखर 420 किलोवर आली की त्याच दिवशी मागणी पाठवावी. प्रत्येक महत्त्वाच्या मालासाठी असा एक आकडा वहीत लिहून ठेवावा आणि दर सहा महिन्यांनी तपासावा. मालक परगावी असला तरी घरातील कोणीही मग त्या आकड्यावरून मागणी पाठवू शकतो. आमच्या घरी हे काम सौभाग्यवतींनी व वहिनींनी हाती घेतले तेव्हापासून "माल संपला" हा शब्द क्वचितच ऐकू येतो.

हा झाला खालचा आकडा. वरचा आकडाही तितकाच आवश्यक, कारण साठा म्हणजे अडकलेला पैसा होय. एक लाखाचा माल गोदामात पडून राहिला तर बारा टक्के व्याजाने महिन्यास हजार रुपये तो गुपचूप खातो. ओल, उंदीर आणि कीड खातात ते वेगळेच. आमच्या दुकानाचा आता नियम असा आहे की, पंचेचाळीस दिवसांच्या विक्रीपेक्षा अधिक माल दोघां भावांच्या सहीवाचून घ्यावयाचा नाही, आणि सही करण्यापूर्वी वहीत एका प्रश्नाचे उत्तर लिहावयाचे: हा माल किती महिन्यांत विकणार? आधी आलेला माल आधी विकावा, हा दुसरा नियम. त्यासाठी प्रत्येक थप्पीवर तारखेची चिठ्ठी लावलेली असते. ज्या साठ्याला विक्रीचा आधार आहे तो व्यवहार होय. ज्याला केवळ टंचाईच्या आशेचा आधार आहे ती साठेबाजी. ती कायद्याने गुन्हा ठरो वा न ठरो, ज्या गल्लीतील मुलाबाळांच्या ताटावर आपला संसार चालतो, त्यांच्या अडचणीची वाट पाहत बसणे आपल्या समाजाच्या लौकिकास शोभणारे नाही.

कागदपत्रांविषयी थोडक्यात सांगतो. वस्तू व सेवा कर 1 जुलै 2017 पासून सुरू झाला. त्यात 1 जानेवारी 2022 पासूनचा नियम असा की, विकणाऱ्याने आपले बिल विवरणपत्रात दाखविले नाही, तर घेणाऱ्यास त्या कराची वजावट मिळत नाही. म्हणजे आपण कर भरूनही तो पुन्हा आपल्याच गळ्यात येतो. स्वस्त देणाऱ्या पण विवरणपत्र वेळेवर न भरणाऱ्या पेढीचा माल म्हणूनच महाग पडतो. तसेच खाद्यपदार्थ घेताना बिलावर विकणाऱ्याचा चौदा आकडी अन्नपरवाना क्रमांक आहे ना, हे पाहावे. माल कोणाकडून घेतला हे दाखविता आले नाही, तर भेसळ दुसऱ्याची आणि जबाबदारी आपली, असा प्रसंग येतो. बिलाची फाईल नीट ठेवणे हा सर्वांत स्वस्त विमा आहे.

पुरवठा करणाऱ्याशी आपले वर्तन कसे असावे, हाही जोखमीचाच भाग आहे. आपण उधारीवर माल घेतो, पैसे लांबवितो आणि त्यात चातुर्य मानतो. मोठ्या भांडारांकडून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. 2002 साली मुंबईत पवई येथे पहिले दुकान उघडणाऱ्या डीमार्टच्या वाढीत, पुरवठादारांस लवकर पैसे देऊन माल सवलतीत घेण्याच्या धोरणाचा मोठा वाटा मानला जातो. ज्याचे पैसे वेळेवर जातात त्यासच टंचाईत माल प्रथम मिळतो. लहान उत्पादकांच्या बाबतीत तर 2006 च्या कायद्यानेच मर्यादा घातली आहे. नोंदणी केलेल्या सूक्ष्म वा लघु उद्योगाकडून घेतलेल्या मालाचे पैसे ठरलेल्या मुदतीत आणि कोणत्याही परिस्थितीत पंचेचाळीस दिवसांच्या आत दिले पाहिजेत. आपल्या गावात पापड, मसाले, चटण्या करणाऱ्या भगिनी असतात. त्यांचे पाचशे रुपये आपण दोन महिने अडकवून ठेवले, तर पुढच्या मोसमात त्यांना मिरची घेण्यास भांडवल राहत नाही, आणि ऐन दिवाळीत आपलीच फळी रिकामी पडते. टाळेबंदीत आमची फळी काही अंशी भरलेली राहिली ती गावातीलच अशा दोन घरांमुळे, हे आम्ही विसरलेलो नाही.

आता शेवटची आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाची सूचना. एकट्या दुकानदाराची शक्ती मर्यादित आहे. पंधरा कट्टे मागणाऱ्याचा शब्द पेठेत कोणी मानीत नाही. दीडशे कट्टे मागणाऱ्याचा मानतात. 1844 साली इंग्लंडातील रॉचडेल गावी मूठभर विणकरांनी वर्गणी काढून एक लहान दुकान उघडले. लोणी, साखर, पीठ, ओटाचे पीठ आणि मेणबत्त्या एवढाच माल होता. पण त्यातून जगातील सहकारी भांडारांची चळवळ वाढीस लागली. आपल्याकडे 1975 साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने कुटुंबांचे गट करून एकत्रित खरेदीने घराघरांत माल पोचविला. गिऱ्हाईक एकत्र येऊ शकते, तर दुकानदाराने का येऊ नये?

आमचे सांगणे एवढेच की, एका तालुक्यातील पाच-सात दुकानांनी दोन-तीन वस्तूंपुरती सामायिक खरेदी करून पाहावी. साखर व तांदळापासून आरंभ करावा, कारण त्यांत मतभेदास जागा थोडी. प्रत्येकाने आपल्या हिश्शाचे पैसे माल उठविण्यापूर्वी रोख भरावे. उधारी चालू झाली की सामायिक खरेदी संपली असे समजावे. भाव, वजन व भाडे यांचा हिशेब लिहून सर्वांस दाखवावा. खरेदीचे काम दर सहा महिन्यांनी एकाकडून दुसऱ्याकडे द्यावे. आणि ही मंडळी एकाच ज्ञातीची असावी असाही आमचा आग्रह नाही. शेजारच्या गल्लीतील सचोटीचा दुकानदार कोणत्याही समाजाचा असो, तो घ्यावा. मंडळाने मात्र एक करावे. आपल्या गावोगावच्या सभासद दुकानदारांनी कोणत्या पेठेत कोणत्या मालाचा कसा अनुभव घेतला, याची देवघेव वर्षातून दोनदा व्हावी अशी बैठक भरवावी. कोणाची निंदानालस्ती करावयाची नाही, अनुभव सांगावयाचा. ज्या दिवशी आम्ही 40 क्विंटल डाळ घेतली, त्या दिवशी असे विचारावयास आमच्याजवळ चार माणसे असती, तर कदाचित आमची गोष्ट निराळी झाली असती.

तरुण मित्रांस एक शब्द. आपल्यापैकी काहींस दुकान सोडून नोकरी धरावीशी वाटते. त्यात गैर काही नाही. परंतु जे दुकानात राहणार आहेत, त्यांनी ते अडाण्याचे काम आहे असे मानू नये. इंडोनेशियाचा हुकूम, लातूरच्या बाजारातील आवक, आकाशातला पाऊस आणि गल्लीतल्या म्हातारीची महिन्याची यादी या सर्वांचा मेळ ज्याला घालता येतो, त्याला शिकलेला माणूस म्हणण्यास आमची हरकत नाही. आणि थोरल्यांस एक विनंती. घरातील धाकट्याने प्रश्न विचारला तर रागावू नये. आम्ही रागावलो, आणि त्या रागाची किंमत पावणेतीन लाख रुपये पडली.

वेळ पुष्कळ घेतला. चुकभूल पदरात घ्यावी. आमच्या आडगावच्या अनुभवातून एखाद्या घरची पुतणीची ठेव शाबूत राहिली, तर हे बोलणे फुकट गेले नाही असे आम्ही समजू.